ओहमचा नियम आणि आमच्या खोलीतला जळका बोर्ड

(या भागाची संहिता. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी, थोडी नीटनेटकी करून.)

आजचा भाग ऐकताना तुमचा फोन चार्जिंगला लावलेला असेल, तर एक काम करा. चार्जरवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते एकदा वाचा. इनपुट, आउटपुट, काहीतरी व्होल्ट, काहीतरी अँपियर. आपण रोज हातात घेतो आणि एकदाही वाचत नाही. मीही वाचत नव्हते. एका डिसेंबरच्या सकाळपर्यंत.

पुण्यात शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका जुन्या वाड्यात आम्ही तिघी कॉट बेसिसवर राहायचो. खोलीत भिंतीवर एकच पॉइंट. त्यात एक पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला, आणि त्यावर आमचं सगळं जग चालायचं. तीन फोन, एक लॅपटॉप, रात्रीचा दिवा. दोन वर्षं काही तक्रार नाही. मग थंडी वाढली, वाड्यातला गीझर बंद पडला, आणि आमच्यातल्या एकीनं बाजारातून पाणी तापवायचा रॉड आणला. दीड हजार वॅटचा. बादलीत सोडला, पीन त्याच बोर्डात खोचली.

दहा-पंधरा मिनिटांत वास आला. प्लॅस्टिक जळाल्याचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. बोर्ड एका बाजूनं तपकिरी होऊन वाकला होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर तिसरी मैत्रीण गोधडी डोक्यावर घेऊन झोपलेली. मी भिंतीवरचा स्विच बंद केला. कुणाला काही झालं नाही. पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

माझे बाबा साताऱ्याकडे वायरमन आहेत. आयटीआय केलेले. फोन केला तर ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "लोड किती होता?" मी म्हटलं, "बाबा, मला काय माहीत?" ते म्हणाले, "रॉडवर लिहिलंय की नाही? दीड हजार? म्हणजे साडेसहा अँपियर. आणि त्या बोर्डाची पत्ती ढिली असणार. अगं, नववीला शिकलीस ना तू?"

शिकले होते. 'धाराविद्युत' नावाचा धडा. विभवांतर, विद्युतधारा, रोध. ओहमचा नियम मी पाच मार्कांसाठी पाठ केला होता आणि पेपर झाल्यावर विसरले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा ओहम होता तरी कोण? आणि हे त्याला कळलं कसं? आजचा भाग त्याच्यावर.

कुलपं करणाऱ्याचा मुलगा

गेऑर्ग सिमॉन ओहम. जन्म १६ मार्च १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेन गावी. वडील कुलपं करणारे कारागीर. शाळा फारशी नाही, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेला माणूस. त्यांनी गेऑर्गला आणि त्याच्या धाकट्या भावाला, मार्टिनला, घरीच गणित शिकवलं. मार्टिनही पुढे गणितज्ञ झाला. आई मात्र गेऑर्ग दहा वर्षांचा असतानाच गेली.

१८०५ मध्ये गेऑर्ग विद्यापीठात दाखल झाला. आणि काय केलं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. वडील भडकले. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती पोरगा उधळतोय, हे त्यांना बघवेना. दीड वर्षात शिक्षण थांबवून त्याला स्वित्झर्लंडला पाठवलं, शाळेत गणित शिकवायला. तिथं त्यानं स्वतःचा स्वतः अभ्यास केला, परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण बरी नोकरी काही मिळेना. शेवटी १८१७ मध्ये कोलोनच्या एका शाळेत तो गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला लागला. त्या शाळेत एक गोष्ट भारी होती. प्रयोगशाळा. शाळा सुटली की ओहम तिथं जाऊन बसायचा.

तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. व्होल्टाची बॅटरी १८०० साली आलेली. १८२० मध्ये ऑर्स्टेडनं दाखवलं की वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई हलते. म्हणजे वीज आहे, तिचे परिणाम दिसतात, पण तिचा हिशोब कुणालाच येत नाही. मीटर नाही. व्होल्ट, अँपियर हे शब्दसुद्धा नाहीत. तार लांब केली की परिणाम कमी होतो एवढं सगळ्यांना माहीत, पण किती कमी? दुप्पट तारेला निम्मा? की आणखी काही?

पहिल्यांदा चुकला

ओहमनं १८२५ मध्ये पहिला निबंध छापला आणि त्यातलं सूत्र चुकीचं होतं. हे मला फार आवडतं. ज्याचं नाव आपण नियमाला देतो, त्याचं पहिलं उत्तर चूक.

दोष बॅटरीचा होता. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्या की पहिल्या काही क्षणांत जोर करायच्या आणि मग ढेपाळायच्या. म्हणजे तुम्ही तारा बदलून मोजताय, पण मागे ढकलणारा जोरच बदलतोय. मग मोजमापाला काय अर्थ?

पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकानं त्याला सुचवलं, बॅटरी सोड आणि तापमानाच्या फरकावर चालणारी जोडी घे. ही युक्ती झेबेक या शास्त्रज्ञानं काही वर्षांपूर्वीच शोधली होती. दोन वेगळे धातू जोडायचे, एक सांधा गरम ठेवायचा, दुसरा थंड, की त्यातून वीज वाहते. ओहमनं तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडचं तापमान हलत नाही, म्हणजे जोरही हलत नाही. वरती एका बारीक तारेला चुंबकसुई टांगली. वीज वाहिली की सुई फिरणार, आणि तिला परत जागेवर आणायला वरची तार किती पिळावी लागली, तो झाला करंटचा आकडा.

मग त्यानं एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक जोडत गेला.

२ इंचाला आकडा आला ३२६.७५. ३४ इंचाला १३४.५. १३० इंचाला ४८.५.

आता तुम्ही फोनचा कॅल्क्युलेटर उघडा. ओहमचं सूत्र असं: ७२८५ या संख्येला, २०.२५ अधिक तारेची लांबी, यानं भागा. २ इंचासाठी ७२८५ भागिले २२.२५, येतात ३२७ आणि थोडं. ३४ इंचासाठी ७२८५ भागिले ५४.२५, येतात १३४.३. १३० इंचासाठी ७२८५ भागिले १५०.२५, येतात ४८.५. जुळतंय की नाही? बर्फ, उकळतं पाणी आणि टांगलेली सुई एवढ्या सामानावर, १८२६ साली.

या सूत्रात वरची संख्या म्हणजे ढकलणारा जोर. आपलं व्होल्टेज. खालची २०.२५ म्हणजे बाकीच्या यंत्राचा रोध, आणि लांबी म्हणजे जोडलेल्या तारेचा रोध. त्यानं पुढे उकळतं पाणी काढून तो सांधा नुसत्या खोलीच्या तापमानाला ठेवून पाहिला. वरची संख्या घसरली, खालची तशीच राहिली. म्हणजे जोर वेगळा आणि अडथळा वेगळा, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे दिसलं. तेच आपण आज म्हणतो: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. आणि रोध काढायचा असेल तर व्होल्टेज भागिले करंट.

आणि मग काय झालं?

१८२७ मध्ये त्यानं बर्लिनमध्ये पुस्तक छापलं. त्याला वाटलं, आता विद्यापीठात जागा नक्की. झालं उलटं. पुस्तक गणितानं भरलेलं, आणि तेव्हाच्या बऱ्याच जर्मन प्राध्यापकांना भौतिकशास्त्रात एवढं गणित पटत नव्हतं. कुणी दुर्लक्ष केलं, कुणी जाहीर टीका केली. ओहमनं कोलोनची नोकरी सोडली आणि बरीच वर्षं बर्लिनमध्ये कमी पगाराच्या शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत काम मिळालं. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कॉपली पदक दिलं. बाहेरच्यांनी कौतुक केल्यावर घरच्यांना किंमत कळते, हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. म्युनिकला भौतिकशास्त्राचा पूर्ण प्राध्यापक तो झाला १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि ६ जुलै १८५४ ला वारला. ज्या पदासाठी आयुष्य घातलं ते दोन वर्षं उपभोगलं.

यात एक गंमत आहे, खरं तर हळहळ. हाच नियम हेन्री कॅव्हेंडिश नावाच्या इंग्रज माणसानं १७८१ मध्येच शोधला होता. ओहमच्या जन्माच्या आधी! त्याच्याकडे ना बॅटरी, ना चुंबकसुईचा उपाय. मग मोजलं कशानं? स्वतःच्या अंगानं. विजेचा साठा आपल्या शरीरातून सोडायचा आणि झटका कमी लागला की जास्त, यावरून अंदाज. मिठाच्या पाण्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या लावून दोन झटके सारखे कधी लागतात ते तो बघायचा. पण कॅव्हेंडिश कमालीचा बुजरा होता. हे त्यानं छापलंच नाही. जवळपास शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, मॅक्सवेलनं त्याच्या वह्या संपादित करून प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगाला कळलं. तोवर नियमाला ओहमचं नाव लागून गेलं होतं. ओहमनं टीका सोसली, पण छापलं.

(आणि हे झटक्याचे प्रयोग घरी करायचे नाहीत. गंमतीतही नाही.)

दारूभट्टीवाल्याचा मुलगा

आता बोर्ड का वितळला याकडे येऊ. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. जेम्स जूल. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, वडिलांची बिअर बनवायची भट्टी होती. वय जेमतेम बावीस. त्यानं तारेची गुंडाळी पाण्यात बुडवली, करंट सोडला आणि थर्मामीटर घेऊन बसला. १८४१ मध्ये त्यानं जे छापलं त्याचा सारांश असा: तारेत तयार होणारी उष्णता रोधाच्या प्रमाणात वाढते, पण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. करंट दहापट, उष्णता शंभरपट.

ओहम आणि जूल एकत्र मांडले की आपल्याला लागणारं सगळं हातात येतं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. किंवा करंटचा वर्ग गुणिले रोध. किंवा व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. तीन वेगळे नियम नाहीत हे, एकच गोष्ट तीन बाजूंनी.

आता आमचा रॉड. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट, साडेसहा अँपियर. बाबा बरोबर होते. ते सूत्र मांडत नाहीत, त्यांचा हिशोब तोंडी आहे: हजार वॅटला साधारण साडेचार अँपियर धर. रॉडचा रोध? २३० भागिले ६.५, साधारण ३५ ओहम.

आणि ढिली पत्ती? समजा त्या सांध्याचा रोध फक्त अर्धा ओहम होता. ३५ पुढे अर्धा म्हणजे काहीच नाही, नाही का? पण जूलला विचारा. साडेसहाचा वर्ग ४२ आणि थोडं, गुणिले अर्धा. २१ वॅट. मोबाईल रिपेअरवाल्याकडे जी सोल्डरिंगची इस्त्री असते ना, कथील वितळवणारी, ती २५ वॅटची असते. म्हणजे आम्ही प्लॅस्टिकच्या डबीत एक सोल्डरिंग इस्त्री चालू करून ठेवली होती.

मग दोन वर्षं काही का झालं नाही? कारण २० वॅटचा चार्जर २० भागिले २३०, म्हणजे ०.०९ अँपियरच्या आसपास घेतो. रॉडचा करंट त्याच्या ७५ पट. पण उष्णता ७५ गुणिले ७५, साडेपाच हजार पटीपेक्षा जास्त. पत्ती तीच, ढिलाई तीच. "इतके दिवस चालत होतं की" हे आपलं आवडतं वाक्य आहे. त्या वाक्याला जूलच्या वर्गानं उत्तर दिलेलं आहे.

समुद्राखालची तार

हिशोब न करता जोर लावला की काय होतं, याचं सगळ्यात महागडं उदाहरण १८५८ चं आहे. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशी तीन हजार किलोमीटरहून लांब तार टाकली. ऑगस्टमध्ये राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना गेला. लागले सोळा तास! तरी जल्लोष झाला.

कंपनीचा वीजप्रमुख होता वाइल्डमन व्हाइटहाउस, शिक्षणानं डॉक्टर. तांब्याची तार जाड हवी असं विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, सांगत होते. व्हाइटहाउसला ते पटत नव्हतं. सिग्नल अशक्त येतोय म्हटल्यावर त्यानं मोठाल्या कॉइल लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा मारा केला. तारेच्या वेष्टनात आधीच कच्चे दुवे होते, ते या माऱ्यानं गेले. सप्टेंबर उजाडेपर्यंत तार जवळजवळ मुकी झाली. थॉमसनचा मार्ग उलटा होता: जोर कमी ठेवा, आणि ऐकणारं यंत्र नाजूक करा. त्यांनी इवलासा आरसा आणि प्रकाशाचा कवडसा वापरून अगदी क्षीण करंट टिपणारं यंत्र बनवलं होतं.

या तारेचा आपल्याशीही संबंध आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या ब्रिटिश पलटणींना परत निघायचे हुकूम गेले होते. उठाव मोडत आल्यावर ते हुकूम रद्द झाल्याचा निरोप याच तारेवरून गेला, आणि सरकारचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले. तार मरता मरता एवढं करून गेली.

१८६६ मध्ये नवी तार पडली, तिच्यात तांबं जवळपास तिप्पट. चार वर्षांनी, १८७० मध्ये, एडनहून मुंबईला तार आली. टाकणारं जहाज तेच, ग्रेट ईस्टर्न.

या तारांच्या धंद्यामुळेच मोजमापाला नावं लागली. बिघाड समुद्रात नेमका कुठं आहे हे किनाऱ्यावर बसून, रोध मोजून काढायचं, तर सगळ्यांचं माप एक हवं. १८६१ मध्ये पहिला प्रस्ताव आला त्यात तर उलटापालट होती. ओहमचं नाव व्होल्टेजला आणि व्होल्टाचं नाव रोधाला! शेवटी १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपियर पक्के झाले. वॅट हे नाव पुढच्या वर्षी विल्यम सीमेन्स यांनी सुचवलं.

आणि १९१५ मध्ये हाच हिशोब खोपोलीला आला. टाटांच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज न्यायची, अंतर साधारण ७० किलोमीटर. समजा एक कोटी वॅट पाठवायचेत आणि तारांचा रोध ५ ओहम आहे. ५ हजार व्होल्टनं पाठवले तर करंट २ हजार अँपियर, आणि तारेत जळणार दोन कोटी वॅट. पाठवायचेत त्याहून जास्त! म्हणजे ते शक्यच नाही. एक लाख व्होल्टनं पाठवले तर करंट फक्त १००, आणि जळणार ५० हजार वॅट, म्हणजे शेकडा अर्धा. हे आकडे मी ढोबळ घेतलेत, पण म्हणूनच खोपोलीहून वीज साधारण लाखभर व्होल्टनं निघाली. एक्स्प्रेसवेनं जाताना ते उंच मनोरे दिसले की जूलची आठवण काढा.

जाता जाता

त्या महिन्यात बाबा पुण्याला आले. त्यांनी खोलीत सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट काढून दिला, जाड वायर टाकून. घरमालकांची परवानगी काढायलाच त्यांना जास्त वेळ लागला. मी त्यांना ओहमची गोष्ट सांगितली, कुलपं करणारे वडील, घरी शिकवलेलं गणित. ते पकडीनं वायर सोलत होते. म्हणाले, "वडील कारागीर होते होय? मग मोजमापाची सवय घरातलीच की." आणि मग, "तो जुना बोर्ड फेकला का?" फेकला नव्हता. कपाटावर होता. त्यांनी स्वतः नेऊन टाकला.

तर आज रात्री झोपायच्या आधी एवढं करा. तुमच्या खोलीतल्या बोर्डावर किती अँपियर लिहिलंय ते बघा. त्यावर काय काय लावलंय त्यांच्या वॅटची बेरीज करा, २३० नं भागा. पीन खोचल्यावर हलते का, हात लावल्यावर प्लग कोमट लागतो का, ते बघा. कोमट लागला तर स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. आणि तुमच्या बोर्डाचा आकडा काय आला ते मला कळवा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.